परतीचा निर्णय लांबत जातो तेव्हा

पुण्याहून जर्मनीला शिकायला येणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मॅक्स म्युलर भवनातील जर्मन भाषेचे वर्ग, पिंपरी-चाकण पट्ट्यातील जर्मन कंपन्या आणि इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसणे, यांमुळे ही वाट चांगलीच रुळली आहे. मी राहतो ते श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो शुल्क भरावे लागते. तरीही अमेरिकेच्या मानाने हा खर्च फारच कमी आहे. घरून निघताना जवळजवळ प्रत्येक जण सांगतो की मास्टर्सची दोन वर्षे, त्यानंतर दोन वर्षांचा अनुभव आणि मग परत. हे सांगणारा खोटे बोलत नसतो. परंतु इतक्या वर्षांच्या निरीक्षणावरून मला असे वाटते की परतायचे की नाही हा निर्णय कोणी एका दिवशी बसून घेतच नाही. तो नियमांच्या एकेका मुदतीमागे सरकत जातो.

व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात, आणि अनेक घरांत ही रक्कम शैक्षणिक कर्जातून, कधी राहते घर तारण ठेवून उभी राहते. ते कर्ज रुपयांतल्या पगारातून फेडण्यापेक्षा युरोतल्या पगारातून फेडणे सोपे, म्हणून नोकरी इथेच शोधायची. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. नोकरी लागली की ब्ल्यू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा वास्तव्य परवाना, आणि जर्मन भाषेची बी-१ ही मधली पातळी गाठलेली असेल तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना. इतके आलोच आहोत तर तो हाती घेऊनच जावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्येक पायरी शहाणपणाचीच असते आणि प्रत्येक पायरीवर घरी फोन करून ‘आणखी दोनच वर्षे’ असे सांगितले जाते.

सणांचे गणितही इथल्या वेळापत्रकावर ठरते. हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, त्यामुळे दिवाळी बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच येते आणि घरी जाणे अशक्य होते. गणपती मात्र उन्हाळी सुट्टीत येतात, म्हणून ज्यांच्या परीक्षा नेमक्या त्याच काळात नसतात ते गणपतीला घरी जातात. नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने बहुधा परिवीक्षेचे असतात आणि कायद्याने पूर्ण वार्षिक रजेचा हक्कही सहा महिन्यांनंतरच मिळतो. त्या काळात बहिणीचे लग्न ठरले तर तारखांची ओढाताण होणारच.

खरी कसोटी आजारपणात लागते. आपल्याकडे आईवडील मुलांपासून दुखणे लपवतात आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, ते घरी आले, हिंडू-फिरू लागले, आणि तिची परीक्षा आटोपल्यावर आईने सांगितले, ‘तुला कळवून काय उपयोग होता? तू अभ्यास सोडून रडत बसली असतीस.’ त्यानंतर कित्येक महिने आई ‘सगळे ठीक आहे’ म्हणाली की ती धाकट्या भावाला वेगळा फोन करून खात्री करून घेत असे. मुलेही तेच करतात. विषयात नापास झाल्याचे किंवा अर्धवेळ काम सुटल्याचे घरी कळवत नाहीत. फ्रँकफर्टहून मुंबई जेमतेम आठ तासांवर आहे, पण परवान्याचे नूतनीकरण अडकलेले असेल, तर हातातील तात्पुरत्या प्रमाणपत्रावर बाहेर जाऊन परत येता येईल की नाही हे त्या प्रमाणपत्राच्या प्रकारावर अवलंबून असते. विद्यार्थी सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिला तर, आधी मुदत वाढवून घेतलेली नसल्यास, त्याचा परवाना संपुष्टात येतो. म्हणून निघण्याआधीच घरातल्या सर्वांनी बसून हे बोलून घ्यावे, असे मी नव्या मुलांना आवर्जून सांगतो: दुखणे त्याच दिवशी कळवायचे का, आणि अचानक काढाव्या लागणाऱ्या तिकिटाचे पैसे कोणाकडे ठेवायचे.

या साऱ्यात मागे राहिलेल्या भावंडाचा हिशोब कोणी मांडत नाही. रुग्णालयाच्या चकरा तो मारतो, सोसायटीच्या सभेला तो जातो, आणि कौतुक मात्र व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्याचे होते.

आईवडिलांनाच इकडे आणावे, हा विचार प्रत्येकाच्या मनात येऊन जातो. १ मार्च २०२४ पासून किंवा त्यानंतर कुशल कर्मचारी म्हणून पहिला परवाना मिळालेल्यांना आईवडिलांना कायमचे बोलावण्याची मुभा कायद्याने दिली आहे, मात्र त्यांच्या निर्वाहाची आणि आरोग्यविम्याची सोय आधी दाखवावी लागते. साठी ओलांडलेल्यांना परवडणारा विमा मिळवतानाच बहुतेकांची दमछाक होते. शिवाय ज्यांची सकाळ टेकडीवरच्या मित्रांशिवाय सुरू होत नाही, ते डिसेंबरात साडेचारच्या सुमारास मावळणाऱ्या सूर्याकडे बघत इथे का राहतील? भेटीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते आणि बहुतेक आईवडिलांना तेवढेही पुरेसे होते.

पुढचा प्रश्न नागरिकत्वाचा. जर्मनीत पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर त्यासाठी अर्ज करता येतो आणि जून २०२४ पासून जर्मनीला दुहेरी नागरिकत्व मान्य आहे, पण भारताला ते मान्य नाही. भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते कार्ड, घ्यावे लागते, आणि ओसीआय कार्डधारकाला वारसाने शेतजमीन मिळू शकली तरी ती विकत घेता येत नाही. सांगली जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदाराचा मुलगा असलेला माझा एक मित्र सर्व अटी पूर्ण करूनही अर्ज भरत नाही. परत गेल्यावर बांधालगतची जमीन घ्यायची झाली, तर सातबारावर आपले नाव लागायला हवे, असे त्याचे म्हणणे आहे. कधी परतणार, हे मात्र त्याने अजून वडिलांना सांगितलेले नाही.