आमची वाटचाल: मणी, पट्टी आणि चौकट

बाजारात रंगीत मण्यांचे डबे ढिगाने मिळतात. आकृतिबंध, म्हणजे ठरावीक क्रमाने परत परत येणारी रचना, धड शिकवता येईल असा डबा आम्ही बनवतो, आणि हे मी अभिमानाने सांगते.

सुरुवात एका जुन्या लेथवर झाली. किंडरगार्टन सुरू करणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या दुसऱ्या ‘गिफ्ट’मध्ये, म्हणजे खेळसाहित्याच्या दुसऱ्या संचात, चेंडू, घन आणि दंडगोल असे तीनच आकार होते, तेच आम्ही मण्यांसाठी घेतले. भोक पाडताना ड्रिल जरासं सरकलं तरी मणी दोरीत तिरका बसतो, म्हणून प्रत्येक आकाराला वेगळा जिग, म्हणजे मणी पक्का धरणारा साचा, केला. भोक ऐसपैस ठेवलं, दोरीचं टोक बुटाच्या लेससारखं कडक केलं. चार वर्षांच्या मुलाचा सगळा जीव ओवण्यातच गेला, तर पुढचा मणी कोणता याचा विचार ते करणार कधी?

चौकट सुचली ती एका बालवाडीच्या बाईंमुळे. अगदी पहिल्या डब्यापासून त्या आमच्याकडून साहित्य घेतात. त्या म्हणाल्या, “लाल-निळा, लाल-निळा सगळेच लावतात हो. लाल-निळा-निळा दिलं की थोडं पुढे जाऊन पोरं परत एकाआड एक लावायला लागतात. परत परत येणारा तुकडा त्यांना दिसतच नाही.” मग आम्ही खाचांची लाकडी पट्टी केली आणि तिच्यावर सरकणारी चौकट बसवली. चौकटीत बरोबर तीन मणी मावतात. एक तुकडा पुढे सरकवली की पुन्हा तेच लाल-निळा-निळा. मूल स्वतःच ओरडतं, “परत तेच आलं!”

मधली वर्षं बरी गेली. मग एका मोठ्या संस्थेची मागणी आली. लाकूड उधारीवर उचललं, रंगही उधारीवर. माल तयार होत असतानाच दुसऱ्या एका उत्पादकाने आमच्यासारखाच दिसणारा डबा निम्म्या भावात दाखवला आणि मागणी तिकडे गेली. लाकूडवाला रोज दारात. लेथ विकायची बोलणीसुद्धा सुरू झाली होती.

भाव पाडला याचं मला तितकं वाटत नाही. त्या डब्यातली कार्डं पाहिली तेव्हा मात्र डोकं फिरलं. एका कार्डावर लाल, निळा, निळा, लाल एवढंच, आणि पुढे रिकामी जागा. उत्तर म्हणे निळा. पण लाल-निळा-निळा-लाल हा चार मण्यांचा तुकडा धरला, तर पुढे लालच येतो! लाल लावणाऱ्या मुलाला चूक ठरवणारं कार्ड शाळाशाळांत गेलं, याचा राग अजून गेलेला नाही.

त्या दिवसांत बाईंनी ओळखीच्या शाळांतून मागण्या गोळा केल्या, आगाऊ पैसे आणून दिले. लेथ त्यावर वाचला.

कोणाचाही डबा वापरा, पण पुढचा मणी विचारण्याआधी तुकडा किमान दोनदा पूर्ण दाखवा, तीनदा दाखवलात तर उत्तम. दर वेळी तुकडा संपतो तिथेच थांबू नका, कधी अर्ध्यावर थांबा, कधी मधलाच मणी काढून ठेवा. “पुढे काय येईल?” याच्या जोडीला “कोणता तुकडा परत परत येतोय?” हेही विचारा. मग मणी बाजूला ठेवून टाळी-चुटकी-चुटकी करा. हे आणि लाल-निळा-निळा एकच आहे असं जे मूल सांगतं, त्याला आकृतिबंध कळला. आणि लाल-हिरवी जोडी टाळा, काही मुलांना त्या दोन रंगांतला फरक नीट दिसत नाही.

आता त्या दुसऱ्या डब्यातही चौकट आली आहे. ती फक्त तीन मण्यांची, त्यामुळे दोन किंवा चार मण्यांच्या तुकड्याला उपयोगाची नाही. आमच्या डब्यात तिन्ही मापांच्या चौकटी असतात, आणि एखादी हरवली तर तेवढी एकच चौकटही पाठवतो.