खाल्लेला हशा

टीव्हीवरचा मराठी विनोद मुंबईत जन्मला, असं मुंबईकर छातीठोक सांगतात. सांगोत बापडे. मुंबई दूरदर्शनवर गाजलेले चिमणराव आणि गुंड्याभाऊ ज्यांच्या लेखणीतून उतरले, ते चिं. वि. जोशी बडोद्यात पाली शिकवायचे. तेव्हा बडोद्याच्याच दांडिया बजारातल्या एखाद्या मराठी घरात विनोदी मालिकांवर मत मांडताना कुणाचा आवाज जरा चढलाच, तर ते माहेरच्या हक्काचं बोलणं समजावं.

मत असं, की विनोद सुचत नाही म्हणून कार्यक्रम पडतात हे खरं, पण त्याहून जास्त पडतात ते आलेला हशा कुणीतरी मधेच खाल्ल्यामुळे.

पुष्कळदा वाक्यच तो खातं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि हसवणारा शब्द क्रियापदाच्या आधी अडकून बसतो. 'पाहुणे लाडू काढायला दातांच्या डॉक्टरकडे गेले' हे वाक्य बघा. 'लाडू काढायला' म्हणताच गंमत फुटली; पुढचं सगळं वरात निघून गेल्यावरचा बँड. आता हेच असं म्हणा: 'पाहुण्यांनी लाडू खाल्ला. आता दातांच्या डॉक्टरकडे गेलेत. लाडू काढायला.' तीन तुकडे, शेवटच्या तुकड्याआधी अर्धा श्वास, आणि त्या शब्दानंतर एक अक्षरही नाही. 'हो ना!' सुद्धा नाही. स्किटमध्ये घाईघाईत जोडलेलं 'हो ना', 'अरे बापरे', 'काय सांगतेस!' हे चांगल्या पंचवर ओतलेलं पाणी असतं.

पुढचा प्रश्न समोरच्या नटानं कधी बोलायचं हा. हशा वर चढतो, माथ्यावर पोचतो आणि उतरायला लागतो. उतार सुरू झाला की बोलायचं. चढावर बोललात तर पुढच्या विनोदाची तयारी हशात बुडते, आणि दोन वाक्यांनंतर पंच आला की लोक एकमेकांकडे बघतात. पूर्ण शांतता होईपर्यंत थांबलात तर गाडी पुन्हा पहिल्या गिअरमध्ये. नाटकातून आलेल्या नटांना हे अंगवळणी पडलेलं असतं. प्रेक्षकांविना, एकेक शॉट तोडून चित्रित होणाऱ्या मालिकेत मात्र नटाला तो हशा कल्पनेनं मोजावा लागतो. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मधल्या आबांकडे या नजरेनं पाहावं. दिलीप प्रभावळकर बोलून झाल्यावर हातातलं काहीतरी काम चालू ठेवतात आणि आपल्याला हसायला जागा मिळते.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे शहाणा माणूस. चांगल्या विनोदी मालिकेच्या घरात एक तरी शहाणा लागतो, कारण हशा वेडेपणावर येतो असं वाटलं तरी तो येतो वेडेपणा सोसणाऱ्याच्या चेहऱ्यावर. 'साराभाई वर्सेस साराभाई' मध्ये इंद्रवदन काडी लावतो, माया तुपात घोळवून अपमान करते, रोसेश कविता ऐकवतो. आणि आपण बघतो साहिलकडे. 'ऑफिस ऑफिस' मध्ये पाच कर्मचारी दर वेळी नव्या कचेरीत तसेच बसलेले असतात, हसू मात्र पंकज कपूरच्या मुसद्दीलालच्या खांद्यांवर येतं. ते खांदे भागाच्या सुरुवातीला ताठ असतात. 'खिचडी' त बाबूजी नसते, तर प्रफुल-हंसाचा संसार पाच मिनिटांत कंटाळवाणा झाला असता. (हंसा आणि माया, म्हणजे सुप्रिया आणि रत्ना, दोघी दीना पाठकांच्या लेकी. एकीला शिष्टाचाराचा अतिरेक, दुसरीला त्याचा पत्ता नाही. गुजराती रंगभूमीनं एका घरातून एवढं द्यावं, हे पुष्कळ झालं.)

स्किटच्या कार्यक्रमांचं दुखणं नेमकं इथे आहे. दहा-बारा मिनिटांत पाच पात्रं उभी करायची, प्रत्येकाला लकब द्यायची, म्हणून पाचही जण वेडे ठेवले जातात. मग चकित व्हायला कुणी उरत नाही. ते काम खुर्चीत बसलेल्या परीक्षकांकडे किंवा पाहुण्यांकडे जातं, आणि कॅमेरा दर पंचला रंगमंच सोडून त्यांच्याकडे पळतो. आपण नटाचा चेहरा बघायचा त्या क्षणी एखादी अभिनेत्री टाळ्या पिटताना दिसते. परत येईतो नटाची प्रतिक्रिया संपलेली असते. हशा खाल्ला, आणि तोही पगार देऊन. 2014 साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' त सिनेमाच्या प्रचाराला आलेले पाहुणे दाखवणं भागच पडायचं, तरीही भाऊ कदम टिकले, कारण ते फारसं काही करतच नाहीत. नुसते उभे राहतात. साडी नेसलेल्या पुरुषाला एन्ट्रीला हशा मिळतो. तो अर्धा मिनिट पुरतो. पुढे त्या बाईला स्वभाव लागतो, आणि तो बहुतेकांनी लिहिलेलाच नसतो.

'महाराष्ट्राची हास्यजत्रा' उजवी वाटते ती समीर चौघुलेंसारख्या नटांमुळे. छळ सोसणारा माणूस त्यांच्याकडे हमखास सापडतो. तिथलंही एक गाऱ्हाणं आहेच. गाजलेली लकब पहिल्यांदा ओळख, दुसऱ्यांदा आनंद, तिसऱ्यांदा वळण मागते. वळण न देता चौथ्यांदा आली की टाळी येते, हसू येत नाही. टाळी आणि हसू यांतला फरक ज्या निर्मात्याला कळला, त्यानं निम्मी लढाई जिंकली.

रेकॉर्ड केलेल्या हशाबद्दल फार बोलायला नको. अमेरिकेत 1950च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं कळा असलेली एक पेटी केली. कळ दाबली की टेपवरचं हसू, पायाखालच्या पेडलवर त्याची लांबी. कारागिरी उत्तम. पण खरा हशा आधी एका कोपऱ्यात फुटतो आणि मग पसरतो. पेटीतला सगळीकडून एकदम येतो, म्हणून कान त्याला लगेच पकडतो.

रोजच्या मालिकेत वेगळीच खादाडी. 'तारक मेहता' जुलै 2008 पासून चालू आहे, मूळ 'चित्रलेखा' तल्या गुजराती सदराचं. एक बातमी फुटली की सोसायटीतला एकेक चेहरा, प्रत्येकाबरोबर 'सर्रर्र' असा आवाज. बडोद्यातली मराठी माणसं तरीही बघतात, ती भिडे मास्तरांसाठी. सेक्रेटरीपणाचा ताठा, 'सखाराम' नावाची स्कूटर, माधवीची लोणची-पापड: गुजराती डोळ्यांना मराठी शेजारी कसा दिसतो, हे घरबसल्या कळतं. थोडं लागतं. बरंचसं पटतं.

हंसाचा 'प्रफुल, ... म्हणजे काय?' हा प्रश्न तर इथे रोजचाच, कारण दोन भाषांत एकाच आवाजाचे दोन अर्थ. गुजरातीत 'नवरी' म्हणजे रिकामी, कामातून मोकळी झालेली. दुपारी भांडी आवरल्यावर शेजारीण जिन्यातून विचारते, 'नवरी थई?' त्यावर मराठी बाईनं पदर सारखा करून, अर्धा श्वास थांबून म्हणावं, 'वीस वर्षं झाली.' पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मात्र हा विनोद सांगू नये. आधी अर्थ सांगावा लागतो, आणि अर्थ सांगून होईपर्यंत चहाला उकळी येते.