घरी बनवलेल्या ईव्हीने (इलेक्ट्रिक गाडीने) घाट चढणार असाल तर आधी हे वाचा (14 किमीला अडीच तास लागले)

सरळ सांगतो, आमची फसगत झाली. फसवायचं म्हणून कुणी फसवलं नाही, पण ज्याला ज्याला विचारलं तो फॅक्टरीच्या इलेक्ट्रिक गाडीवाला होता आणि प्रत्येकाचं एकच, अरे घाट काहीच नाही, बॅटरी भरलेली ठेव, बिनधास्त जा. त्यांच्या गाडीत ते खरं आहे हो. मोटरला पाण्याचं कूलिंग, बॅटरी पॅक साडेतीनशे-चारशे व्होल्टचा, उतारावर रीजेन (मोटरच गाडीला ब्रेक लावते आणि ती वीज बॅटरीत परत भरते), सगळं कंपनीने आधीच पाहून ठेवलेलं. आमची गाडी म्हणजे जुनी पेट्रोल हॅचबॅक, इंजिन काढून डीसी सिरीज मोटर (जुन्या पद्धतीची, ब्रशवाली) बसवलेली, क्लच-गिअरबॉक्स मूळचाच, पॅक 45 एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचा म्हणजे 144 व्होल्ट, 180 अँपिअर-तास, साधारण 26 युनिट. मी आणि मित्र, दोघांनी मिळून चौदा महिने खपून बनवली आहे आणि सपाट रस्त्यावर ती मनापासून आवडते मला.

पहिले 62 किमी सपाट, नऊ युनिट गेले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मग घाट, 14 किमी, चढ साधारण 700 मीटर. निघायच्या आधी हिशोब केला होता, माणसं धरून 1350 किलो, 700 मीटर उचलायला नुसते अडीच युनिट, लॉस आणि रस्त्याचं घर्षण धरून पाच. पॅकमध्ये भरपूर शिल्लक होतं. हिशोब बरोबरच निघाला, पण तो चुकीच्या गोष्टीचा होता. घाटात बॅटरी संपत नाही, मोटर तापते.

तिसऱ्या गिअरमध्ये 35 ने चढत होतो. डॅशवरचा मीटर 100 अँपिअरच्या आसपास, म्हणून मी निवांत. पण तो मीटर बॅटरीचा करंट दाखवतो! कंट्रोलर, म्हणजे बॅटरी आणि मोटरमधला पॉवर सांभाळणारा डबा, व्होल्टेज खाली आणून करंट वाढवतो, म्हणजे बॅटरीतून 100 निघाले तरी मोटरमधून त्याच वेळी 280 जात होते आणि ते फक्त मोबाईलवरच्या कंट्रोलरच्या ॲपमध्ये दिसतं, जे मी उघडलंच नव्हतं. चौथ्या किलोमीटरला मोटरच्या तारांवरचं वार्निश तापल्याचा उग्र गोडसर वास आला. मित्राने ॲप उघडलं, मोटर 121 डिग्री. पुढच्या दोन वळणांत 138 झाली आणि कंट्रोलरने पॉवर कापली, एक्सलरेटर पूर्ण दाबूनही गाडी चालायच्या वेगाने सरकत होती, मागे ट्रकची रांग. कशीबशी कडेला घेतली.

आता हे नीट वाचा, कारण हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. थांबलो तर टेंपरेचर उतरेल असं वाटतं ना, ते वाढलं, 146 वर गेलं. मोटरचा पंखा मोटरच्याच शाफ्टवर आहे, मोटर थांबली की पंखा थांबला, आतली उष्णता बाहेर काढणारं कुणी नाही. बॉनेट उघडून पुठ्ठ्याने वारा घालत बसलो, तासाभराने कुठे 95 झालं. पुन्हा तिसऱ्यातच निघालो आणि अडीच किलोमीटरवर परत तेच, परत तासभर.

मग मित्र म्हणाला दुसरा टाकून बघू. मी नाही म्हणत होतो, मोटर जास्त फिरेल म्हणजे जास्त तापेल असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, पेट्रोलची सवय. उलटं असतं. दुसऱ्या गिअरमध्ये 28 च्या स्पीडला मोटर जोरात फिरते, टॉर्क कमी लागतो, करंट 280 वरून 210 वर आला. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे वाइंडिंगमधली (मोटरच्या तारांच्या वेटोळ्यांमधली) उष्णता जवळपास निम्मी झाली, वर पंखाही जोरात फिरतोय. उरलेला घाट 118 च्या पुढे काटा गेला नाही. दोन तास वाया गेले ते या एका गिअरपायी.

फक्त एक, चढावर गिअर बदलताना आधी एक्सलरेटर पूर्ण सोडा आणि मगच क्लच दाबा. सिरीज मोटरवरचा लोड अचानक गेला आणि पाय एक्सलरेटरवर राहिला तर ती सुसाट सुटते, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो मोटरचा फिरता तांब्याचा भाग) फुटू शकतो. यात घाई नको.

वर पोचल्यावर चार्जिंग. डीसी फास्ट चार्जर आमच्यासाठी नसल्यासारखाच, तो गाडीशी डिजिटल बोलतो आणि आमच्या गाडीत बोलणारं कुणी नाही. टाइप 2 प्लगच्या साध्या, हळू चार्ज करणाऱ्या एसी पॉइंटला लावलं तर लाल दिवा. घरच्या बॉक्सवर रोज चालतं मग इथे काय झालं? पायलटच्या तारेत (गाडी जोडली आहे आणि चार्ज हवाय हे पॉइंटला कळवणारी सिग्नलची तार) आम्ही 2.74 आणि त्याला समांतर 1.3 किलोओहमचा रेझिस्टर टाकला होता, डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकला नव्हता. घरचा बॉक्स तपासत नाही, हा पॉइंट तपासतो, सिग्नलचा निगेटिव्ह भाग उणे 12 व्होल्ट दिसलाच पाहिजे. टूलकिटमधला साधा डायोड तिथेच जोडला आणि लगेच हिरवा. नखाएवढा तुकडा आहे, निघण्याआधी बसवा. दुसरं म्हणजे तिथे बिल मिनिटावर आहे. आमचा चार्जर 3.3 किलोवॅटचा, 13 युनिटला चार तास लागले, शेजारची फॅक्टरीची गाडी त्याच मिनिटांच्या दराने कितीतरी जास्त भरून गेली. मला हे साफ चुकीचं वाटतं, युनिटवर बिल असलेला पॉइंट मिळत असेल तर वाकडी वाट करून तिथे जा.

वरचे दोन दिवस मस्त गेले.

उतरताना सिरीज मोटरला रीजेन नाही आणि इंजिनचा ब्रेकही नाही, सगळा भार ब्रेक पॅडवर. ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम पंप सतत घरघरत होता. दर तीन किलोमीटरला थांबून चाकं गार केली, तुम्हीही करा, आणि पंपाचा फ्यूज जास्तीचा ठेवा.

आणि एलएफपीत व्होल्टेज बघून किती चार्ज उरलाय हे ठरवू नका, मधल्या मोठ्या टप्प्यात सेल 3.2-3.3 वरच असतो. शंट (करंट मोजायचा भाग) बसवा, अँपिअर-तास मोजा.

लांबचा प्रवास हाच हेतू असेल तर फॅक्टरीची घ्या, माझं स्पष्ट मत. आपल्या जुन्या गाडीवर जीव असेल तर बनवा, पण मोटरला वेगळा ब्लोअर (स्वतंत्र चालणारा पंखा) लावल्याशिवाय घाटाकडे फिरकू नका. आम्ही परत आल्यावर 12 व्होल्टचा ब्लोअर बसवला आणि गेल्या रविवारी तोच घाट, दुसरा गिअर, न थांबता, 31 मिनिटांत. टेंपरेचर 101. वर पोचल्यावर आम्ही दोघं ओरडलोच.