शंभर उड्या, दहा नॅनोमीटर

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलं की गच्चीवरच्या टाकीसाठी जिन्यात रांग लागते. खाली आई, मधे मी, वर अण्णा. बादली हातोहात वर जाते, माणसं जागच्या जागी. एम.एस्सी.च्या मुलांना एक्सायटॉन शिकवताना मी इथूनच सुरुवात करते.

सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंच्या, अर्धवाहकावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, मागे त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, उरतो आणि दोघं एकमेकांना बिलगून राहतात. ही जोडी म्हणजे एक्सायटॉन. सौरघटातून वीज मिळवायची तर ती फुटायला हवी. सिलिकॉनमध्ये ही जोडी खोलीच्या तापमानालाच फुटते. इथे बंध अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, आणि उष्णतेची ऊर्जा जेमतेम ०.०२५. सोलापुरातला ४५ अंशांचा मे धरला तरी ०.०२७!

जोडीवर एकूण भार शून्य, म्हणून व्होल्टेज लावून तिला ओढता येत नाही. ऊर्जा या रेणूवरून त्या रेणूवर उडी मारते, रेणू हलत नाहीत. बादलीची उपमा मात्र इथेच सोडायची. जिन्यात सगळ्यांना ठाऊक असतं की बादली वर न्यायची आहे. एक्सायटॉनला दिशाच नाही. पुढे, बाजूला, परत मागे. अशा भटकंतीत अंतर उड्यांच्या वर्गमुळाने वाढतं. उडी १ नॅनोमीटरची धरली तर १० नॅनोमीटर लांब जायला सुमारे १०० उड्या, आणि आयुष्य असतं साधारण १ नॅनोसेकंद. वाटेत कमी ऊर्जेचा रेणू भेटला तर तिथेच अडकायचं.

प्रकाश नीट शोषायला थर मात्र १०० नॅनोमीटरच्या घरात लागतो. संशोधक चिंग टँग यांनी १९८६ मध्ये दोन वेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांवर चढवले. त्यांच्या सीमेवर जोडी फुटते. सौरघटाची कार्यक्षमता सुमारे १ टक्का मिळाली, कारण सीमेपासून लांब जन्मलेले एक्सायटॉन वाटेतच विझत. १९९५ च्या सुमारास पॉलिमर आणि फुलरीन (कार्बनचे चेंडूसारखे रेणू) एकमेकांत मिसळून टाकले गेले, म्हणजे कुठूनही सीमा जवळच.

अण्णांनी टेरी टॉवेलच्या मागावर तीस वर्षं काढली. रविवारी त्यांना हे सांगत होते. म्हणाले, "लूपासारखंच की. सूत तेच, पण पाण्याला भिडायला जागा जास्त." मग थोडं थांबून, "पण लूप किती ठेवता तुम्ही? आखूड ठेवला तर पाणी पीत नाही, लांब ठेवला तर ओढला जातो."

मिश्रण भरड झालं तर एक्सायटॉन सीमेपर्यंत पोचत नाही. फार बारीक झालं तर सुटलेल्या भारांना बाहेर पडायला सलग वाट उरत नाही, ते पुन्हा एकमेकांना भेटून संपतात. आमच्या प्रयोगशाळेत सध्या सगळी खटपट याच मापासाठी चालली आहे. उद्या नवी फिल्म तापवून बघणार आहे.