दोन ग्लास

रविवार, रात्री साडेदहा

दादाकडे जेवायला गेले होते. पानं उचलायच्या आधी भाच्यानं सरदारजीचा विनोद सांगितला. सरदारजी उशाशी दोन ग्लास ठेवतो, एक भरलेला, एक रिकामा. का? तहान लागली तर भरलेला, नाही लागली तर रिकामा. सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण हाच विनोद मागच्या आठवड्यात शेजारच्या अक्कांनी मला कानडीत सांगितला होता. त्यात ग्लास ठेवणारा होता गुंडा. लहानपणी शाळेत ऐकला तेव्हा तो बंड्या होता.

गुंडा आणि बंड्या कुणाच्याच घरचे नाहीत. ते कितीही वेडे ठरले तरी कुणाला लागत नाही. सरदारजी म्हटलं की मात्र खरी माणसं येतात. ज्यांच्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत आणि ज्यांच्या पंजप्याऱ्यांपैकी, म्हणजे पहिल्या पाच खालसा शिखांपैकी, भाई साहिबसिंग आपल्या बिदरचे, ती माणसं. असले विनोद थांबवा म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०१७ मध्ये न्यायालयानं सांगितलं, लोकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही. मला ते पटतं. जेवणाच्या पंगतीत कोर्ट कुठं येणार? तिथं आत्यानंच बोलायला हवं होतं, आणि मी गप्प बसले.

ख्रिस्टी डेव्हिस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं देशोदेशींचे असे विनोद अभ्यासले. इंग्रज आयरिश माणसावर हसतो, फ्रेंच बेल्जियनवर, अमेरिकन पोलिशावर. साचा तोच. आणि हसू होतं ते फार लांबच्याचं नव्हे, बरंचसं आपल्यासारखंच असलेल्या, पण कडेला राहणाऱ्याचं.

कडेला राहणं! १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आम्ही बेळगाव सीमाभागातले मराठी दुसरं काय करतोय? पुण्यात शिकायला गेले तेव्हा मी सरळ म्हणायची, "मी जातो गा, उद्या येतो." आमच्याकडं आई, आजी, सगळ्या बायका अशाच बोलतात. खोलीतल्या मुलींनी त्यावर विनोदांची माळच लावली. आधी कुणाकुणाच्या नावावर ऐकलेले विनोद "बेळगावची" म्हणून माझ्यासमोर पुन्हा यायचे. चार महिन्यांत मी "जाते, येते" शिकले. सुट्टीत घरी तसं बोलले तर आजी नुसती बघत राहिली. ते बघणं अजून डोळ्यांसमोर आहे.

एवढं सोसूनही मी काय केलं? कानडीत गाय, म्हैस, टेबल, सगळं नपुंसकलिंगी. त्यामुळं अक्का मराठीत "तो म्हैस आला" म्हणतात. दादाच्या मुलीच्या बारशाला मी त्यांची नक्कल केली होती आणि अख्खी खोली हसली होती. अक्का तेव्हा आत स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होत्या. मधे दार नव्हतं, पडदा होता.

उद्या कुंद्याची मिठाई द्यायला जायचंच आहे त्यांच्याकडं. तेव्हा विचारणार आहे, त्या दिवशी ऐकलं होतं का म्हणून.