तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्क भरलेली, पण फायली दिसेनात

"सर्टिफिकेशन करू, की काम करता करता शिकू?" लिनक्सचे सर्व्हर सांभाळायला शिकणाऱ्यांचा हा प्रश्न नेहमीचा, आणि उत्तर एका शब्दात हवं असतं. ते तसं देता येत नाही. आधी परीक्षा कोणती ते सांगा. एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या, सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएटमध्ये १३० मिनिटांत ६५ पर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेत ३ तास प्रत्यक्ष मशिनवर काम करायचं असतं, आणि केलेलं सेटिंग रीबूटनंतरही टिकावं लागतं. या दोघींना एकाच तागडीत घालून वाद घालण्यात काय अर्थ आहे?

आता कामावरचा प्रसंग घ्या. १०० जीबीचं लॉगचं (प्रोग्रामच्या नोंदींच्या फायलींचं) पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, भरलं आणि ॲप्लिकेशन बंद पडू लागलं. कुणीतरी ६० जीबीची लॉग फाइल शोधून आरएम या पुसण्याच्या कमांडने उडवली. तरीही डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड १०० टक्केच दाखवतेय. दिसणाऱ्या फायलींचे आकार मोजणाऱ्या डीयूची बेरीज मात्र जेमतेम ३५ जीबी. मग तर्क सुरू होतात: डिस्क खराब असेल, एफएससीके ही दुरुस्तीची कमांड चालवू. रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याने, चाचणीला लिहून पाहिलं तर लिहिलं जातं, कारण ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये सहसा ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते. त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. शेवटी सर्व्हर रीबूट होतो, जागा मोकळी होते आणि सगळे झोपायला जातात. मला सर्वांत जास्त त्रास याच रीबूटचा होतो. कारण कुणाला कळलेलंच नसतं, त्यामुळे काही आठवड्यांनी तेच पुन्हा घडतं.

खरं कारण साधं आहे. आरएमने फक्त नाव जातं. प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) फाइल उघडून ठेवली असेल, तर तिने ती बंद करेपर्यंत डिस्कवरचे ब्लॉक सुटत नाहीत. उघड्या फायलींची यादी देणाऱ्या एलएसओएफला 'प्लस एल वन' हा पर्याय दिला की लिंक काउंट (फाइलला असलेल्या नावांची संख्या) शून्य असलेल्या पण अजून उघड्या फायली दिसतात. तिथून पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि डिस्क्रिप्टरचा (तिने उघडलेल्या त्या फाइलचा) आकडा घ्यायचा आणि प्रॉकखालच्या एफडी फोल्डरमधून ती फाइल ट्रंकेट करायची, म्हणजे रिकामी करायची. सेवा न थांबवता जागा परत मिळते. एक मात्र ध्यानात ठेवा: प्रोसेसने फाइल अपेंड मोडमध्ये (दर वेळी शेवटी लिहिण्यासाठी) उघडलेली नसेल, तर ती जुन्याच ऑफसेटपासून (फाइलमधल्या जागेपासून) लिहीत राहते, आकार प्रचंड दिसतो, जागा थोडीच लागते. पुढचा बंदोबस्त जुने लॉग बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटमध्ये करायचा: पोस्टरोटेटमध्ये, म्हणजे लॉग बदलल्यानंतरच्या टप्प्यात, सेवेला लॉग पुन्हा उघडायला सांगायचं. ते जमत नसेल तरच कॉपीट्रंकेट, म्हणजे लॉगची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणं, कारण कॉपी आणि ट्रंकेट यांच्या मधल्या क्षणातल्या ओळी हरवू शकतात.

हे शहाणपण अनुभवातूनच येतं, असं मी ठामपणे म्हणत असे. आज तसं म्हणवत नाही. लिंक काउंट हार्ड लिंकच्या (एकाच फाइलला दुसरं नाव देण्याच्या) धड्यातच असतो, आणि हार्ड लिंक आरएचसीएसएच्या अभ्यासक्रमात आहे. परीक्षा दिलेल्याला ते माहीत असतं, पण डिस्क भरल्यावर तो धडा आठवत नाही, कारण इथे 'हा हार्ड लिंकचा प्रश्न आहे' असं कुणी सांगत नाही. आणि वर्षानुवर्षं रीबूट करून सुटका करून घेणाऱ्याने तो धडा कधी वाचलेलाच नसतो.

अनुभवाची दुसरी भोकंही सांगतो. डिस्क हाताने माउंट केली (सिस्टिमला जोडली), काम चाललं, बूट होताना वाचल्या जाणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये नोंद केलीच नाही. किंवा केली ती चुकीच्या यूयूआयडीने (डिस्कच्या ओळख क्रमांकाने). महिनोन्महिने मशिन बंदच झालं नाही, तर चूक कळणार कशी? पहिल्याच रीबूटला नोंद नसलेली डिस्क माउंटच होत नाही, आणि चुकीच्या नोंदीने मशिन इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरतं चालू होऊन) अडकतं. नोंद केल्यावर फाइंडमाउंट व्हेरिफाय आणि माउंट ऑल या कमांड चालवून बघणं ही दोन मिनिटांची सवय आहे, आणि ती बहुतेकांना परीक्षेच्या भीतीने लागते.

म्हणून नवख्याने प्रात्यक्षिक परीक्षाच निवडावी आणि तयारीत मशिन मुद्दाम बिघडवावं. व्हर्च्युअल मशिनला ५ जीबीची जादा डिस्क जोडा, एका स्क्रिप्टला तिच्यावर सतत लिहू द्या, फाइल उडवा आणि रीबूट न करता जागा परत मिळवा. छोट्या फायलींचा ढीग करून आयनोडही (प्रत्येक फाइलसाठी लागणाऱ्या नोंदी) संपवा. मग जागा शिल्लक असूनही 'जागा नाही' असा एरर येतो आणि डीएफला आय पर्याय दिल्यावर कारण दिसतं.

नूतनीकरणाचं विचाराल तर माझं मन अजून ठरत नाही. आरएचसीएसए ३ वर्षं चालू राहतं. आयनोड तेवढ्यात बदलत नाहीत, म्हणून पुन्हा पैसे का भरायचे, असं वाटतं. पण रोजच्या कामात ज्या भागाला हातच लागत नाही, तो भाग त्या निमित्ताने पुन्हा हाताखालून जातो, हेही खरं आहे.