टॉर्मेंटा, नोंद ७: हरवलेले पाच मैल

मंडळी, टॉर्मेंटा या रोलर कोस्टरची मी नोलिमिट्स या सिम्युलेटरमध्ये प्रतिकृती बांधतोय, आणि त्यातला इमेलमन (अर्धा लूप चढून, उलट्या माथ्यावरून गिरकी घेत सरळ होणारं वळण) सुटला! तीन आठवडे ज्या माथ्याने छळलं तो काल रात्री दीड वाजता बसला. चूक ट्रॅकमध्ये नव्हतीच, वेगात होती.

मागच्या नोंदीत फाइल सोडली होती तिथूनच सांगतो. सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सासने जाहीर केलेले आकडे माझ्या मॉनिटरखाली चिकटवलेलेच आहेत: उंची ३०९ फूट, ड्रॉप २८५ फूट आणि ९५ अंश, वेग ताशी ८७ मैल, ट्रॅक ४,१९९ फूट, इमेलमन २१८, लूप १७९. उंची आणि ड्रॉप तंतोतंत जमले होते. पण इमेलमनच्या माथ्याला वीस मीटर त्रिज्या दिली की उलटं असतानाच १.८ जी, म्हणजे वजनाच्या १.८ पट दाब यायचा. टॉर्मेंटा बनवणाऱ्या बी अँड एम कंपनीचा डाइव्ह कोस्टर (माथ्यावरून जवळपास सरळ खाली कोसळणारा) त्या जागी असा दाबत नाही. त्यांच्याच व्हॅलरव्हनवर बसलेल्यांना तो माथा आठवत असेल, तिथे अंग हलकं होतं. त्रिज्या वाढवली की आकार घुमटासारखा फुगायचा, आणि घोषणेतल्या चित्राशी त्याचा मेळच लागायचा नाही.

मधे एक सशुल्क ॲड-ऑनही घेऊन पाहिलं. ट्रॅक गुळगुळीत झाला, पण दर वेळी माथा चार-चार फूट सरकायचा. पैसे वाया गेले. नोलिमिट्समध्ये हाताने एकेक बिंदू हलवण्याला पर्याय नाही, हे माझं मत आता पक्कं झालंय.

काल सहज तळाचा वेग पाहिला. माझ्या फाइलमध्ये ९२ मैल येत होता. पाच मैलांनी काय होतंय म्हणून इतके दिवस तिकडे लक्ष दिलं नव्हतं. कागदावर मांडलं तर २८५ फुटांवरून अजिबात घर्षण न धरता ९२.३ येतो, म्हणजे माझ्या गाडीला वारा लागतच नव्हता. आता मजा बघा. जमीन सपाट धरली तर ड्रॉपचा तळ २४ फुटांवर. तिथून ९२ ने निघालेली गाडी २१८ फुटांवर ५२ मैलांनी पोचते, तर ८७ ने निघालेली फक्त ४२ ने. खाली पाच मैलांचा फरक, वर दहाचा! ४२ घातले, त्रिज्या वीसच ठेवली, आणि माथ्यावर ०.८ जी आला. वरच्या चढणीतलं घर्षण धरलं की आणखी खाली. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

मग बी अँड एमच्या जुन्या डाइव्ह कोस्टरचे आकडे काढले. युकॉन स्ट्रायकर: उंची २२३ फूट, पण तळाशी पाण्याखालचा बोगदा असल्याने ड्रॉप २४५. हिशेबाने ८५.६, जाहीर ८०. व्हॅलरव्हन: ड्रॉप २१४, हिशेबाने ८०, जाहीर ७५. तिन्हींत पाच-साडेपाच मैलच गायब! ऊर्जेत मोजलं तर अकरा ते तेरा टक्के. आकडे जाहीर करताना थोडी गोळाबेरीज होत असेलही, पण मला वाटतं मुख्य कारण गाडीची रुंदी. एका रांगेत इतकी माणसं शेजारी बसली की ती भिंतच वाऱ्याला अडते.

पुण्यात दुपारचे बारा वाजले होते, म्हणून भाच्याला लगेच फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मामा, मग लूपचं काय?" बरोबर पकडलं पोराने. माझ्या फाइलमध्ये लूप इमेलमननंतर येतो. मधे ब्रेक नसेल तर १७९ फुटांवरही पन्नासच्या आसपास वेग उरतो, म्हणजे लूपचा माथा मी काढलाय त्यापेक्षा बराच रुंद हवा. याच पार्कात १९७८ पासून अभियंता श्वार्त्सकॉफचे दोन लूप पाठोपाठ उभे आहेत, शॉकवेव्ह या कोस्टरचे. तिथला दाब अंगात मुरलेला असल्यामुळे मी नकळत टॉर्मेंटाचा लूपही तसाच आवळला होता. तो पुसून नव्याने काढतोय.

या आठवड्यात सपोर्ट (ट्रॅकचे खांब) रंगवणार होतो, ते आता पुढे ढकललं. आधी युकॉनचा फक्त ड्रॉप आणि इमेलमन वेगळ्या फाइलमध्ये बांधून घर्षणाचा आकडा तपासतो.

हे लिहिता लिहिताच सुचलं: फ्रेम मोजता येतील! इमेलमनच्या माथ्यावरच्या एका बिंदूवरून पहिली रांग गेल्यापासून शेवटची जाईपर्यंत किती फ्रेम लागतात ते मोजायचं, दोन रांगांमधलं अंतर त्या वेळेने भागायचं, की खरा वेग हातात. मग घर्षण अंदाजाने धरावं लागणार नाही. युकॉन नको, व्हॅलरव्हनपासूनच सुरुवात करतो, तिथे बोगद्याची भानगड नाही. कोणाकडे त्याच्या इमेलमनचं अगदी बाजूने, कॅमेरा न हलवता घेतलेलं सेकंदाला साठ फ्रेमचं चित्रीकरण असेल तर पाठवा. रविवारपर्यंत मिळालं तर फारच बरं.